पुनवेच्या उधाणाचं पाणी

रोहा,
५ एप्रिल २०२५

काळू,

सलाम. हे पत्र टेम्पोवाल्या महिपतीच्या खिशातून तुझ्यापर्यंत येईल आणि त्याच्या मागोमाग गोधडीत गुंडाळलेली एक काचेची पेटी येईल. ती माझी आहे. दार लावून घेऊ नकोस.

पेटीत तीन मासे राहतात. प्रवासापुरते ते हवा भरलेल्या पिशवीत आहेत. त्यांचं जुनं पाणी दोन कॅनमध्ये पाठवलंय, तेच पेटीत ओत आणि मग त्यांना सोड. पंप चालू ठेव. सकाळी चिमूटभर खाणं घाल. एवढंच काम. मंगळवारी माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे आणि दीड महिना वाकायचं नाही, उचलायचं नाही अशी डॉक्टरांची तंबी आहे. घरात बतूल आहे, पण माझ्या बहिणीला मासा कढईत असेल तरच त्यात गोडी.

मासे झोयाचे आहेत. फरझाना आणि जावई दोहाला गेले तेव्हा ही नात मला म्हणाली, नाना, तुम्ही एकटे पडाल, हे ठेवा. नावंही तिनेच ठेवली. केशरी ती जिलेबी, पांढरा तो मोती आणि काळा, डोळे वटारलेला तो नवाब. नवाबला बघितलंस की तुला आपले ड्रिलचे मास्तर आठवतील. दर शुक्रवारी झोया मोबाइलवर दिसते. तिचा आवाज मला येत नाही, कुवेतच्या जनरेटरने माझे कान कधीच खाल्ले. ती पाटीवर लिहून दाखवते आणि मी मोबाइल पेटीसमोर धरतो. आमचं सगळं बोलणं माशांवरच चालतं. ते नसते तर सात वर्षांच्या पोरीशी मी बहिरा म्हातारा काय बोललो असतो? एरवी लोक माझ्यासमोर तोंड हलवतात आणि मी मान हलवतो. पेटीसमोर बसलो की मात्र मी बहिरा नसतो, तिथे कुणीच बोलत नाही.

शेजारचा अर्शद पेटी ठेवून घ्यायला तयार होता. पण म्हटलं तुझ्याकडे द्यावी. तू सारा जन्म मिठागरात आणि खाडीवर काढलास, तुझ्याएवढा माशांचा जाणकार मी कुठून आणू?

दुसरंही एक कारण आहे. अमोलने तुला गावातून पेणला आणल्यापासून तू खोलीबाहेर पडत नाहीस, भिंतीकडे तोंड करून पडून असतोस, असं नमिताने कळवलंय. भिंतीऐवजी नवाबकडे बघ. बायजावहिनी गेली त्या दिवशी तू आल्यागेल्याला चहा झाला का विचारत फिरत होतास. मी बघत होतो. त्यानंतर तू मला चार ओळींपलीकडे लिहिलेलं नाहीस. मोबाइलवर काही पाठवलं तर ते आधी तुझी सून नमिता वाचते, मग मुलगा अमोल, मग तू. म्हणून आपला कागदच बरा. मी कुवेतला होतो तेव्हापासून तो आपल्याला सोसलाय.

गुडघ्यासाठी दुआ कर. तुमच्या ग्रामदेवतेलाही कानावर घालून ठेव.

तुझा
नूर

*

पेण,
७ एप्रिल २०२५

नूर,

तुझी पेटी पोचली. महिपतीने ती अशी उतरवली की शेजारच्या जितेशच्या कारखान्यातले सगळे कारागीर गणपती टाकून बघायला आले. त्यांना वाटलं आत देवच आहे. जितेश म्हणतो, काका, आत ठेवायला एक छोटा उंदीर रंगवून देतो. मी म्हटलं, तुझा शाडूचा उंदीर विरघळला तर मी नूरला काय सांगू? बघ, मी किती काळजी घेतो ते.

जुनं पाणी ओतलं, मासे सोडले. पण नूर, राग मानू नकोस, तू या जिवांचे हाल केलेस. पाणी कसलं गप्प आहे रे ते! ना भरती, ना ओहोटी. पंप बुडबुडे काढतो, पण बुडबुडे म्हणजे भरती नव्हे. जिलेबी कोपऱ्यात तोंड लावून उभी असते. मोती बुडाशी बसतो. नवाब तेवढा माझ्याकडे डोळे वटारून बघतो. त्याचं म्हणणं मला कळतं. कोंडून घातलेल्याचं म्हणणं कोंडलेल्याला कळणारच.

बायजा म्हणायची ते तू विसरलास काय? "उधाणाचं पानी जितं र, नलाचं पानी मेलेलं." आगरात पाणी घ्यायचं तर ती अमावस्या-पुनवेची वाट बघायला लावायची. मधल्या दिवसांत खाडीचं पाणी आत घ्यायला मी उघाडीची फळी उचलली तर तिच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. "आताचं पानी घेशील त मीठ पन रडंल," म्हणायची.

अमोल परवा म्हणाला, बाबा, रविवारी बांधावर नेतो. मी नको म्हटलं. मिठागर बंद पडलं, बायजा गेली, आता त्या बांधावर माझं काय काम? मला तिकडे न्यायचं नाव काढू नका म्हणून बजावलंय.

माशांची काळजी करू नकोस. मासा कसा ठेवायचा हे तू मला शिकवावंस म्हणजे कमालच झाली. पुनव शनिवारी आहे. मग बघ तुझा नवाब कसा होतो तो.

गुडघ्याचं कळव. देवीला सांगितलंय.

काळू

*

रोहा,
११ एप्रिल २०२५

काळू,

गुडघा झाला. दुखतं, पण ओरडलो तरी मला माझं ओरडणं ऐकू येत नाही, हा फायदा आहे. बतूलला येतं, ती वैतागलीय.

तुझं पत्र दोनदा वाचलं. फार दिवसांनी पान उलटायला लावलंस, बरं वाटलं. पण पुनवेचं काय म्हणालास ते समजलं नाही. एक सांगतो ते नीट ऐक. पाण्याला हात लावू नकोस. ते गप्प वाटलं तरी माशांना तेच मानवतं. अगदीच गढूळ झालं तर तांब्या-दोन तांबे काढ आणि रात्रभर उघडं ठेवलेलं नळाचं पाणी तेवढंच घाल. बाकी काही करू नकोस. जिलेबी नव्या जागेत रुसते, चार दिवसांत फिरायला लागेल.

आज नमिताने झोयाला तिच्या मोबाइलवरून पेटी दाखवली म्हणे. झोयाने मला पाटीवर लिहून दाखवलं, "नवाब जाड झाला." पोरगी खूश आहे. अल्ला तुझं भलं करो.

नूर

*

पेण,
१६ एप्रिल २०२५

नूर,

तुझं अकरा तारखेचं पत्र काल मिळालं. पोस्टाचा कारभार हल्ली बरा नाही. पत्र ज्या दिवशी पाहिजे त्या दिवशी यायला पाहिजे.

गुडघ्याला जप. इकडे ऊन फार आहे. आंब्याचं यंदा काही खरं नाही.

येत्या शुक्रवारी नमिताच्या मोबाइलला रेंज नसेल, तसं झोयाला सांगून ठेव.

एक विचारायचं होतं. नवाबसारखा मासा कुठल्या दुकानात मिळतो? सगळे नवाब सारखेच दिसतात की ओळखू येतात? सहज विचारलं.

काळू

*

रोहा,
१९ एप्रिल २०२५

अरे लबाडा,

ताकाला जाऊन भांडं का लपवतोस? आणि शुक्रवारी रेंज नसेल हे तुला बुधवारी कसं कळलं? पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वी शाळा बुडवायची असली की तू आदल्या दिवशीच खोकायला लागायचास, तोच हा खोकला.

मी सगळं ओळखलंय. तुला मासे आवडले. नवाबला जोडीदार आणून झोयाला चकित करायचा तुझा बेत आहे, आणि तोपर्यंत तिने पेटी बघू नये म्हणून ही रेंज गेली. काळू, हे वाचून मला किती आनंद झाला सांगू? तू खोलीबाहेर पडून दुकानं शोधतोयस! मी बतूलला पत्र वाचून दाखवलं. ती म्हणाली असणार, "म्हातारपणी खूळ लागलं." निदान तोंड तसं हलत होतं.

माझ्या पोटात गोष्ट राहत नाही. काल झोयाला सांगून टाकलं की काळूनाना नवाबला मित्र आणणार आहेत. ती पाटी टाकून नाचली. नाव काय ठेवायचं यावर आता दोहात खल चालू आहे. आण तुला हवा तसा. रोह्यातल्या दुकानातही मिळतात.

तुझा आभारी
नूर

*

पेण,
२३ एप्रिल २०२५

नूर,

जोडीदार नाही. नवाबच नाही. जिलेबी नाही, मोती नाही. तिघेही गेले आणि माझ्या हातून गेले. तुझं पत्र येईपर्यंत मी मूग गिळून बसलो होतो, पण तू त्या पोरीला नाचवलंस, आता गप्प बसलो तर मी माणूस नव्हे.

पुनवेच्या दुसऱ्या दिवशी उधाण जास्त भरतं. त्या दिवशी तू पाठवलेले दोन कॅन घेऊन मी मिनिडोर रिक्षाने खारेपाटात, आपल्या मिठागराकडे गेलो. घरात कुणाला सांगितलं नाही. उघाडीपाशी पोचलो तेव्हा भरती अर्ध्यावर होती. अर्ध्या भरतीचं पाणी घ्यायचं नसतं, त्यात गाळ असतो. म्हणून बांधावर जरा बसलो, म्हणून यायला उशीर झाला. पाणी तुडुंब भरून थबकलं तेव्हा कॅन भरले आणि ड्रायव्हरच्या शिव्या खात घरी आणले.

तुझं जुनं पाणी मगाने उपसून मोरीत ओतलं. मासे तळाशी राहतील एवढंच ठेवलं आणि वरून खाडीचं पाणी घातलं. हळूहळू, धार लावून, त्यांना धक्का बसू नये म्हणून.

आणि नूर, ते नाचायला लागले. जिलेबी या काचेवरून त्या काचेवर, मोती वर-खाली, नवाब तर गोल गोल. मला एवढा आनंद झाला की मी ओरडून नमिताला बोलावलं. "बघ गो बघ, जितं पानी लागलं त्यांना! कसं नाचतान!"

ती आली, हसली. मग तिने पेटीत बोट बुडवून जिभेला लावलं आणि तिचं तोंडच उतरलं. "बाबा, ह्ये खाडीचं हाय? बाबा, ते गोड्या पाण्यातले मासे!"

गोड्या पाण्यातले. मला तळ्यातला मासा ठाऊक नाही का? लहानपणी तू आणि मी तळ्यात गळ टाकून बसायचो. पण काचेतल्या माशाचं पाणी गोडं की खारं, हा प्रश्नच माझ्या डोक्यात आला नाही. माझ्या डोक्यात पाणी म्हणजे एकच. तुला शहाणपण शिकवत होतो ना? अति शहाणा त्याचा बैल रिकामा. दोन हातांनी काढून त्यांना नळाच्या पाण्याच्या बादलीत टाकलं. नमिता पंख्याने वारा घालत होती, काय करावं तिलाही सुचेना. मोती आधी आडवा झाला. मग जिलेबी. नवाब संध्याकाळपर्यंत टिकला. शेवटपर्यंत माझ्याकडेच बघत होता, आणि मी त्याचं म्हणणं कळतं म्हणून फुशारकी मारत होतो.

जितेशच्या कारखान्यामागे जास्वंदीखाली पुरले. "पाण्याला हात लावू नकोस" हे तुझं पत्र त्यानंतर आलं.

पेणच्या दुकानात हुबेहूब तीन मासे आहेत. मी पिशवी भरायला सांगितली, हातात घेतली आणि परत दिली. तुला कळलं नसतं कदाचित. त्या पोरीला कळलं असतं.

तुझं आणि झोयाचं बोलणं मी तोडलं. शिव्या घाल, मी वाचेन. फक्त पत्र बंद करू नकोस. आता मला पत्र लिहिणारं दुसरं कुणी नाही.

काळू

*

पेण,
३० एप्रिल २०२५

नूरचाचा,

नमस्कार. मी नमिता. मोबाइलवर लिहिलं असतं, पण तुम्हा दोघांचं जे चालतं ते कागदावर, तेव्हा मीही कागदच घेतला. मला पत्र लिहायची सवय नाही, चुकलं तर सांभाळून घ्या.

बाबांनी तुम्हाला सगळं कळवलंय हे मला माहीत आहे. त्यानंतर तुमचं पत्र नाही. पोस्टमन दुपारी येतो आणि बाबा अकरापासूनच पायरीवर बसतात. काल पोस्टमनच म्हणाला, "आजोबा, आलं की मी तुम्हाला हाक मारीन, उन्हात नका बसू." ताट अर्धं ठेवून उठतात. चाचा, तुम्ही रागावलेले असाल तर रागाचंच लिहा. पण लिहा.

दुसरी एक गोष्ट सांगायची आहे. ती बाबा तुम्हाला सांगणार नाहीत.

मासे गेल्यावर पेटीकडे कुणी बघायला तयार नव्हतं. अमोलने ती तशीच पाण्यासकट मागच्या पडवीत सरकवली. पंप चालूच राहिला. मागच्या आठवड्यात मी म्हटलं, डास होतील, रिकामी करून टाकते. पाणी उपसायचा मग हातात घेऊन वाकले तर आत काहीतरी हललं. केसाएवढं बारीक, पण हललं. मला वाटलं डोळ्यांना भास झाला. बाबांना हाक मारली. ते यायला तयार नव्हते, हाताला धरून आणलं.

चष्मा काचेला टेकवून कितीतरी वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "बोयटाची पिल्लं हायत गो. उधाणाबरोबर आली. कॅनमधून आली." खाडीतल्याच माशाची, पाच-सहा आहेत. त्यांच्यासाठी ते पाणी बरोबरच होतं. बाबा खाली बसले ते बसलेच. मी हातातला मग मोरीत ठेवून दिला.

तेव्हापासून बाबा एक दिवसाआड बांधावर जातात. मिनिडोरने नाही, अर्ध्या वाटेपर्यंत चालत. पिल्लांना ताजं पाणी पाहिजे म्हणतात. जाताना माझ्याकडून भाकरी बांधून घेतात, म्हणजे तिथे बसून खातात. आई गेल्यापासून अमोल त्यांना तिकडे नेण्यासाठी किती मागे लागला होता, मी किती विनवलं होतं, तुम्हाला माहीतच आहे. चाचा, तुमचे मासे गेले, आणि मी तुमचे आभार मानतेय, हे बरं दिसत नाही. पण मानते. तुम्ही ती पेटी पाठवली नसती तर बाबा अजून भिंतीकडे तोंड करून पडले असते.

गुडघ्याची काळजी घ्या. बतूलफूफींना सलाम.

तुमची
नमिता

*

रोहा,
५ मे २०२५

काळू,

पायरीवरून उठ आणि सावलीत जाऊन हे वाच.

तुझं पत्र वाचून मी चिडलो, हे आधी सांगतो. काठी फेकली. ती बतूलच्या बरण्यांवर गेली. एक दिवस मनात होतं की तुला लिहायचं, एवढं साधं काम तुला जमलं नाही? मग दुसरीच अडचण आली. झोयाला सांगायचं होतं, आणि तिला सांगितल्याशिवाय तुला काय लिहू? पंचवीस तारखेला सांगितलं. कागदावर मोठ्या अक्षरात लिहून मोबाइलसमोर धरलं. तिने वाचलं आणि पडदा काळा झाला. पुढच्या शुक्रवारी फरझाना एकटीच दिसली. मी रिकाम्या टेबलाकडे बघत बसायचो. म्हणून पत्र नाही. राग केव्हाच गेला होता.

राग कशाने गेला तेही सांगतो. तुझं पत्र मी पुन्हा काढलं, भांडायला काही सापडतं का बघायला. त्यात चार पानं भरून तुझा गुन्हा होता आणि मधेच एक ओळ होती. "बांधावर जरा बसलो, म्हणून यायला उशीर झाला." ती ओळ तू उशिराचं कारण म्हणून लिहिलीस. पहिल्यांदा वाचताना मीही तशीच सोडली होती. काळू, तू बांधावर बसलास? वहिनी गेल्यावर ज्या बांधाचं नाव काढू देत नव्हतास, तिथे, एकटा, भरती पूर्ण भरेपर्यंत? मी बतूलला बोलावून ती ओळ दाखवली. तिने डोळ्यांना पदर लावला. मग बरण्यांचं काढलं, ते सोड.

मासे गेले याचं मला वाईट वाटतं आणि वाटत राहील. नवाब माझा दोस्त होता. पण तू तिथे गेलास ते त्याच्यासाठी गेलास. त्याला उत्तमातलं उत्तम पाणी मिळावं म्हणून पुनवेची वाट बघितलीस, उन्हात बसलास, कॅन वाहिलेस. माझ्या माशांवर माझ्या जन्मात कुणी एवढी माया केली नाही. तूही केलीस तर त्यांचा जीवच घेतलास, ही तुझी रीत. तरी मी तुझे आभार मानतो, अगदी मनापासून. मग नमिताचं पत्र आलं. पिल्लांचं वाचून मी एवढ्या मोठ्याने हसलो म्हणे, की अर्शद भिंतीपलीकडून धावत आला.

शनिवारी झोया आपणहून आली. डोळे अजून रुसलेले होते. मी तिला नमिताचं पत्र कागदाकागदाने दाखवलं. तिने पाटीवर लिहिलं, "त्या पिल्लांची आई खाडीत आहे का?" मी लिहिलं, असणार. तिने लिहिलं, "मग काळूनानांना सांगा, त्यांना घरी सोडा. मला दाखवून सोडा." हुकूम आहे, पाळावा लागेल. मग पाटी पुसून तिने आणखी एक विचारलं. "मासे गेले तेव्हा काळूनाना रडले का?" मी लिहिलं, माहीत नाही, विचारून सांगतो.

आता तू सांग.

तुझा
नूर

*

पेण,
८ मे २०२५

नूर,

तुझं पत्र पोस्टमनने हाक मारून दिलं. मी पायरीवरच होतो. मी वाचत होतो तोवर तो तिथेच उभा राहिला. वाचून झाल्यावर म्हणाला, "बरं हाय ना सगळं?" मी म्हटलं, हाय. त्याला नमिताने सरबत दिलं. पोस्टाच्या कारभाराबद्दल जे लिहिलं होतं ते परत घेतो.

पिल्लं आता बोटाच्या पेराएवढी झालीत. काचेत वाढवायचा जीव नाही तो, पोरगी शहाणी आहे. पुनव सोमवारी आहे, पण सोडायची मंगळवारी, उधाण तेव्हा चांगलं भरेल. हसू नकोस, हा हिशोब या माशांना लागू पडतो, नमिताला विचारून खात्री केली आहे. आता मी पाण्याचा तांब्या भरतानाही तिला विचारतो. ती मोबाइल धरणार आहे आणि झोयाला तिथूनच दाखवणार आहे.

तू ये. डॉक्टरला विचार, बसून प्रवास करता येतो का. महिपती त्या दिवशी रिकामा टेम्पो घेऊन रोह्याहून पेणला येतोय, पुढे शेजारी बसवून आणील, मी बोललोय त्याच्याशी. बांधावर खुर्ची नेऊन ठेवतो. तुला वाकायला लागणार नाही. बायजाची बसायची जागा उघाडीच्या डाव्या अंगाला आहे, तिथे चिंचेची सावली येते. तिथे तुझी खुर्ची. ऐकू आलं नाही तरी तुझं काही बिघडणार नाही. भरती येताना आवाज कमीच करते.

तू लिहिलं होतंस, अर्शद पेटी ठेवून घ्यायला तयार होता. भिंतीपलीकडचा माणूस तयार असताना पेटी टेम्पोत घालून पेणला का आली, हे तू तेव्हाच लिहिलं होतंस, पण मला ते काल रात्री जेवताना उमगलं. घास हातातच राहिला. अमोल म्हणाला, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, नूर फार हुशार आहे. नूर, तुझे उपकार कसे फेडू ते मला माहीत नाही. आपल्यात फेडाफेडी नव्हतीच कधी. नुसतं लिहून ठेवतो की मला कळलं.

पेटी घासूनपुसून ठेवली आहे. परत जाताना घेऊन जा आणि झोयाने सांगितलेले मासे आण. पाणी तू भर. मी तुझ्याकडे येईन आणि लांब बसून बघेन.

काळू

ता. क. झोयाने विचारलं होतं ना, तिला सांग. रडलो. रात्री जास्वंदीपाशी गेलो होतो. सुरुवात नवाबसाठी केली, मग थांबेचना. बायजा गेली तेव्हा लोक आले होते, चहा करायचा होता, माझं राहून गेलं होतं. ते त्या दिवशी झालं.